अल्सर फुटल्यावरची शस्त्रक्रिया: आखातातल्या आपल्या माणसांचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न

खेड, चिपळूण, दापोली, श्रीवर्धन, म्हापसा. प्रश्न येतात ते बहुतेक इथून, आणि विचारणाऱ्याचं माणूस असतं दुबई, दोहा, मस्कत नाहीतर दम्मामला. वारंवार आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोणाच्या पोटात आत्ता दुखत असेल तर बाकी सगळं सोडा आणि थेट प्रश्न ३ वाचा.

१. अल्सर ‘फुटला’ म्हणजे नेमकं काय झालं?

जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या (ड्युओडेनमच्या) आतल्या अस्तराला पडलेली जखम म्हणजे अल्सर. ही जखम खोल जात जात भिंतीच्या आरपार गेली की भोक पडतं. मग आम्ल, पित्त आणि खाल्लेलं अन्न पोटाच्या पोकळीत सांडतं. पहिले काही तास आम्लामुळे दाह होतो. पुढे जंतूंची वाढ होते आणि विष रक्तात भिनायला लागतं. अल्सरमधून रक्तस्राव होणं हा वेगळा प्रकार आहे. त्यात रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी आणि डांबरासारखी काळी शी होते, आणि उपचार बहुतेक वेळा एंडोस्कोपीने (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून) होतो. या पानावर फक्त भोक पडण्याबद्दल लिहिलं आहे.

२. ॲसिडिटी तर रोजचीच आहे. अल्सर फुटलाय हे ओळखायचं कसं?

जळजळ हळूहळू वाढते आणि कमीही होते. फुटण्याचं दुखणं एकदम सुरू होतं. ‘रात्री सव्वादोनला दुखायला लागलं’ इतकं नेमकं माणूस सांगतो. आधी बेंबीच्या वर दुखतं, मग सगळ्या पोटात पसरतं. कधी खांद्याच्या टोकाला कळ जाते. हललं, खोकलं तरी वाढतं, म्हणून रुग्ण निपचित पडून राहतो. पोट हाताला लाकडासारखं घट्ट लागतं.

यात एक फसवी अवस्था असते. काही तासांनी दुखणं थोडं उतरल्यासारखं वाटतं, कारण पोकळीत पाझरलेल्या द्रवाने आम्ल पातळ होतं. याच वेळी ‘बरं वाटतंय, सकाळी बघू’ असं म्हणून लोक झोपतात.

३. आत्ता दुखतंय. कोणाला फोन करू आणि डॉक्टरांना काय सांगू?

रुग्णवाहिकेसाठी यूएईमध्ये ९९८, सौदीत ९९७, कतार आणि बहरीनमध्ये ९९९, ओमानमध्ये ९९९९, कुवेतमध्ये ११२. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८. ती येईपर्यंत पाणीसुद्धा पिऊ नका. वेदनाशामक गोळी अजिबात नको.

सांगायचं एवढंच: दुखणं नेमकं कधी सुरू झालं, गेल्या महिन्यात कोणत्या गोळ्या घेतल्या (पाकीट बरोबर न्या), शेवटचं कधी खाल्लं, आणि मधुमेह, हृदयविकार किंवा कसली ॲलर्जी आहे का. आखातातल्या बहुतेक मोठ्या रुग्णालयांत हिंदी, उर्दू किंवा मल्याळम बोलणारं कोणीतरी भेटतं. इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसू नका.

४. आखातात हा आजार स्थानिकांपेक्षा परदेशी कामगारांनाच जास्त होतो, हे खरं का?

तिथल्या रुग्णालयांच्या नोंदींमध्ये या शस्त्रक्रियेचे रुग्ण बहुतांशी तरुण, पुरुष आणि परदेशी दिसतात, हे खरं आहे. पण कतार किंवा यूएईमध्ये मूळ नागरिक लोकसंख्येच्या साधारण दहा-बारा टक्केच आहेत. कतारमध्ये तर दर चार माणसांमागे जवळपास तीन पुरुष. म्हणजे कोणताही आजार घेतला तरी रुग्णांच्या यादीत परदेशी पुरुषच जास्त भरणार.

हे वजा केलं तरी काही खरी कारणं उरतात. भारतीय उपखंडात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जंतू फार पसरलेला आहे. आपल्याकडे निम्म्याहून अधिक प्रौढांत तो सापडतो आणि बहुधा लहानपणीच शिरलेला असतो. त्यात सिगारेट, पाळ्यांचं काम, जेवणाची वेळ चुकणं आणि अंगदुखीवर स्वतःच्या मनाने घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनच्या गोळ्या. गावाहून येणाऱ्या मित्राच्या बॅगेत वोव्हेरान, ब्रुफेन आणि कॉम्बिफ्लामची पाकिटं हमखास असतात. सोसायची सवय हा गुण असेलही, पण त्या गोळ्या रिकाम्या पोटी महिनोन्‌महिने घेतल्या की अस्तराचं संरक्षण जातं.

५. मग शस्त्रक्रियेचे निकाल कोणाचे चांगले? स्थानिकांचे की आपल्या लोकांचे?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. विचारण्यामागे बहुधा शंका असते की परदेशी म्हणून आपल्या माणसाकडे दुर्लक्ष होतं का.

नुसते आकडे ठेवले तर परदेशी रुग्णच सरस ठरायला हवेत, आणि त्याचं श्रेय कोणा एकाला देता येणार नाही. परदेशी रुग्ण पंचवीस ते पंचेचाळीस वयाचा, व्हिसासाठी वैद्यकीय तपासणी पार करून आलेला, अंगमेहनतीचं काम करणारा. साठी उलटली की तो मायदेशी परततो. स्थानिक समाजात सगळ्या वयाची माणसं आहेत. भोक पडलेला स्थानिक रुग्ण पासष्टीचा, मधुमेहाचा, हृदयासाठी ॲस्पिरिन घेणारा असण्याची शक्यता बरीच जास्त. या दोघांच्या मृत्यूची टक्केवारी शेजारी-शेजारी मांडून पासपोर्टचा परिणाम काढणं चुकीचं आहे. त्यात मोजलं जातं ते वय.

उलट बाजूही आहे. कामगार उशिरा पोहोचतो (प्रश्न ७). डिस्चार्ज मिळाला की काही जण आठवड्या-दोन आठवड्यांत मायदेशी जातात. मग पोटात राहिलेला पू किंवा टाक्यांखाली आलेला हर्निया रत्नागिरीच्या डॉक्टरांना सापडतो आणि दोह्याच्या नोंदीत ती केस ‘बरी झाली’ अशीच राहते. म्हणून परदेशी रुग्णांचे निकाल कागदावर दिसतात त्यापेक्षा थोडे कमी चांगले धरावेत, असं माझं मत आहे.

सारख्या वयाचा, सारख्या वेळेत आलेला आणि सारख्या प्रकृतीचा रुग्ण घेतला तर राष्ट्रीयत्वाने निकाल बदलण्याचं कोणतंही शारीरिक कारण नाही. पासपोर्टचा फरक पडतो तो दाराबाहेर: माणूस किती तासांनी आत येतो, आणि बरा झाल्यावर तपासणीला परत येतो की नाही.

६. जीवाला धोका किती? सरळ आकडा सांगा.

एक आकडा सगळ्यांना लागू होत नाही. हाँगकाँगचे सर्जन बोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात तीन गोष्टी मोजल्या: आधीपासूनचा गंभीर आजार, शस्त्रक्रियेआधीच रक्तदाब कोसळलेला असणं, आणि भोक पडून २४ तासांहून जास्त वेळ जाणं. १९८७च्या त्यांच्या अभ्यासात यातलं काहीच नसलेल्यांपैकी कोणी दगावलं नाही. एक असेल तर १० टक्के, दोन असतील तर सुमारे ४५ टक्के दगावले, आणि तिन्ही असलेल्यांपैकी कोणी वाचलं नाही. आज अतिदक्षता विभाग खूप सुधारले आहेत, त्यामुळे शेवटचे दोन आकडे शब्दशः घेऊ नका. क्रम मात्र तोच आहे.

तिशीतला, निरोगी आणि सहा तासांच्या आत आलेला माणूस बहुतांशी बरा होऊन घरी जातो.

७. ‘उशीर’ म्हणजे किती? सकाळपर्यंत थांबलं तर खरंच बिघडतं का?

बिघडतं. डेन्मार्कमध्ये २,६६८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णालयात दाखल झाल्यानंतर पहिल्या २४ तासांत शस्त्रक्रिया जितकी लांबली, तितकी जगण्याची शक्यता दर तासाला सरासरी २.४ टक्क्यांनी घटत गेली. ते रुग्ण मुख्यतः वयस्कर होते आणि महिन्याभरात त्यांच्यापैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त दगावले. तरुण कामगाराला तोच दर लावता येणार नाही, पण दिशा तीच.

आणि हा हिशोब दवाखान्यात पोहोचल्यानंतरचा. त्याआधीचे तास कॅम्पवरच जातात. सुपरवायझरला सांगावं तर पगार कापला जाईल ही भीती, विमा कार्ड सापडत नाही, रूममेट ‘गॅस झालाय, सोडा पी’ म्हणतो, क्लिनिकमध्ये ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन परत पाठवतात. प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन तास. इंजेक्शनने दुखणं थांबलं नाही किंवा पोट घट्टच राहिलं, तर त्याच क्लिनिकमध्ये पुन्हा न जाता मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा.

८. एक्स-रे नॉर्मल आला, तरी सीटी स्कॅन करायला सांगतात. पैसे काढायला का?

नाही. उभं करून काढलेल्या छातीच्या एक्स-रेत छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली हवा दिसली तर निदान जवळपास पक्कं होतं. पण भोक असलेल्या दर चार-पाच रुग्णांपैकी एकात ती हवा एक्स-रेत दिसत नाही. सीटीमध्ये ती क्वचितच सुटते, शिवाय स्वादुपिंडाची सूज किंवा फुटलेलं अपेंडिक्स असेल तर तेही कळतं.

९. ऑपरेशनशिवाय बरं होत नाही का? नळी घालून, सलाईनवर ठेवून?

होतं, पण निवडक रुग्णांत. काही वेळा पोटातला चरबीचा पदर स्वतःच भोकावर चिकटतो. हाँगकाँगच्याच १९८९च्या एका चाचणीत ४० रुग्णांना नाकातून नळी, सलाईन आणि प्रतिजैविकं देऊन १२ तास लक्ष ठेवलं. त्यांतल्या ११ जणांना शेवटी शस्त्रक्रिया लागलीच आणि सत्तरीच्या पुढच्यांत ही पद्धत जास्त फसली. म्हणून तब्येत स्थिर, पोट मऊ पडत चाललेलं, गळती थांबल्याचं तपासणीत दिसलेलं आणि सर्जन दर काही तासांनी स्वतः पोट तपासणारा, एवढं सगळं जुळलं तरच. खोलीवर पडून राहणं म्हणजे ‘ऑपरेशनशिवाय उपचार’ नव्हे.

१०. ऑपरेशनमध्ये काय करतात? दुर्बिणीने चांगलं की पोट उघडून?

भोक शिवतात किंवा त्यावर त्याच चरबीच्या पदराचा तुकडा टाक्यांनी बसवतात, सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावतात तसा. टोरांटोच्या रॉस्को ग्रॅहम यांनी १९३७ मध्ये सांगितलेली ही पद्धत थोड्याफार फरकाने आजही चालते. त्यानंतर सगळं पोट कोमट सलाईनने धुऊन काढतात. माझ्या मते ठिगळाइतकंच हे धुणं महत्त्वाचं आहे, नातेवाईक मात्र त्याबद्दल कधीच विचारत नाहीत.

दुर्बिणीने, म्हणजे पोटाला बारीक छिद्रं पाडून (१९९० पासून), केलं तर दुखतं कमी, जखम कमी चिघळते. जीव वाचण्याच्या बाबतीत दोन्हीत मोठा फरक दिसलेला नाही. रक्तदाब ढासळलेला असेल, भोक फार मोठं असेल किंवा रात्रपाळीच्या सर्जनचा दुर्बिणीवर हात बसलेला नसेल, तर पोट उघडणंच शहाणपणाचं. दुर्बिणीने सुरू करून मध्येच पोट उघडावं लागलं तर ते अपयश समजू नका.

११. आमच्या काकांचं १९७८ मध्ये अर्धं जठर काढलं होतं. आता नुसतं ठिगळ कसं पुरतं?

तेव्हा आम्ल कमी करण्यासाठी जठराकडे जाणारा मज्जातंतू कापणं किंवा जठराचा भाग काढणं हाच कायमचा इलाज होता. पुढे ओमेप्राझोलसारखी औषधं आली. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी अल्सरमागचा जंतू दाखवून दिला (मार्शल यांनी तो स्वतः पिऊनही पाहिला), आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आता भोक बुजवायचं काम सर्जनचं आणि कारण काढायचं काम गोळ्यांचं. दुसरं काम अर्धवट राहिलं तर काय होतं, ते प्रश्न १६ मध्ये.

१२. परदेशात एकटा आहे. विमानाने घरी आणून इथेच ऑपरेशन केलं तर?

अजिबात नको. मस्कत–मुंबई उड्डाण तीन तासांच्या आत होत असलं तरी तिकीट, विमानतळ आणि पुढचा घाट धरून अख्खा दिवस जातो. विमानात केबिनचा दाब कमी होतो आणि पोटात अडकलेली हवा सुमारे तीस टक्क्यांनी फुगते. या आजाराची शस्त्रक्रिया आहात तिथेच होते.

१३. कंपनीची किंवा बायकोची सही लागते का? खर्च कोण देणार?

शुद्धीवर असलेल्या प्रौढ रुग्णाची स्वतःची सही पुरते. तो बेशुद्ध असेल आणि जीवाला धोका असेल तर डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत.

खर्चाचं देशागणिक वेगळं आहे. यूएईमध्ये १ जानेवारी २०२५ पासून उरलेल्या अमिरातींतही खासगी कंपन्यांच्या कामगारांना आरोग्य विमा सक्तीचा झाला. अबू धाबी आणि दुबईत तो आधीपासूनच होता. सौदीत खासगी क्षेत्रातल्या मालकाने विमा द्यायचा असतो. ईसीआर (इमिग्रेशन मंजुरी लागणाऱ्या) पासपोर्टवर, ती मंजुरी घेऊन गेलेल्यांची प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसी असते आणि तिच्यात आजारपणासाठी मर्यादित रक्कम मिळते. कागद घरी ट्रंकेत पडलेला असेल, शोधा. कशातच बसत नसेल तर भारतीय दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधीसाठी अर्ज करता येतो. परिस्थिती तपासून मदत मिळते. खर्चाची चौकशी नातेवाईकांनी करावी. रुग्णाने त्यासाठी थांबू नये.

१४. किती दिवस रुग्णालयात? कामावर कधी? पगार मिळतो का?

सगळं सुरळीत झालं तर चार ते सात दिवस. पोट उघडलं असेल तर सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नाही. दुर्बिणीने झालं असेल तर त्याहून लवकर चालतं. सिमेंटची पोती उचलणाऱ्याला ‘हलकं काम’ असं चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या, नुसतं ‘फिट’ नको.

यूएईमध्ये प्रोबेशननंतर वर्षाला ९० दिवस आजारपणाची रजा: पहिले १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३० अर्धा, उरलेले ४५ बिनपगारी. सौदीत ३० दिवस पूर्ण, ६० दिवस तीन-चतुर्थांश, ३० बिनपगारी.

१५. विमानाने गावी कधी येऊ शकतो?

पोट उघडलेलं असेल तर साधारण दहा दिवसांनंतर, ताप नसेल, शौचाला होत असेल आणि जेवण पचत असेल तर. दुर्बिणीने झालं असेल तर थोडं आधी. सर्जनचं प्रवासाला हरकत नसल्याचं पत्र घ्या, विमान कंपनी मागू शकते. शस्त्रक्रियेचा अहवाल, बायोप्सी (काढलेल्या तुकड्याची तपासणी) आणि जंतूच्या तपासणीचे कागद हातातल्या बॅगेत ठेवा. यातला एकही कागद नसताना इकडच्या डॉक्टरला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

१६. पुन्हा फुटेल का?

जंतू होता आणि तो राहू दिला तर अल्सर परत होण्याची शक्यता बरीच. २००० साली हाँगकाँगमध्ये ९९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत जंतूचा पूर्ण इलाज झालेल्यांपैकी वर्षभरात सुमारे ५ टक्क्यांना पुन्हा अल्सर दिसला. नुसत्या आम्ल कमी करणाऱ्या औषधावर ठेवलेल्यांत तो सुमारे ३८ टक्क्यांना दिसला. बहुधा १४ दिवसांचा गोळ्यांचा कोर्स असतो. तोंड कडू होतं, मळमळतं, आणि सातव्या दिवशी बरं वाटतं म्हणून लोक तो सोडतात. सोडू नका. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला की नाही ते तपासून घ्या. आपली माणसं नेमकी इथे गळतात, कारण तोवर देश बदललेला असतो.

१७. जंतूची तपासणी निगेटिव्ह आली. म्हणजे कोर्सची गरज नाही?

घाई नको. ओमेप्राझोल-पॅन्टोप्राझोलसारखी औषधं दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे बंद नसतील तर श्वासाची किंवा शौचाची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर तर दोन्ही चालूच असतात. औषधं मनाने बंद करू नका, तपासणीची तारीख डॉक्टरांकडून ठरवून घ्या. खरोखर निगेटिव्ह निघाली तर संशय वेदनाशामक गोळ्यांवर आणि सिगारेटवर.

१८. रोजे ठेवले म्हणून फुटला असं म्हणतात. एकादशी-नवरात्राचं काय?

रमजानमध्ये भोक पडण्याचं प्रमाण वाढल्याचं तुर्कस्तानातल्या काही रुग्णालयांनी नोंदवलं आहे. सगळीकडे तसं दिसलेलं नाही. निरोगी जठराला रोज्याने भोक पडत नाही. आधीच अल्सर असलेला, सिगारेट ओढणारा, इफ्तारनंतर वेदनाशामक घेणारा माणूस मात्र धोक्यात असतो. शस्त्रक्रियेनंतर अल्सर भरल्याचं डॉक्टर सांगेपर्यंत रोजे ठेवू नयेत. आजाऱ्याला नंतर भरून काढण्याची मुभा आहेच. एकादशीलाही हाच सल्ला, आणि उपासाच्या दिवशी चहावर चहा पिऊन रिकाम्या पोटी गोळी घेणं तर नकोच.

१९. आई तीन महिन्यांसाठी दुबईला माझ्याकडे आली आहे. गुडघ्यांसाठी रोज गोळी घेते. काळजी करू का?

करा. खरा धोका याच गटाला आहे. वयस्कर, मधुमेही किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णात पोट घट्ट होत नाही, दुखणंही बोथट असतं. नुसतं जेवण तुटणं, गळून जाणं, थोडं पोट फुगणं एवढंच दिसतं आणि निदान उशिरा होतं. प्रश्न ६ मधल्या तीनही गोष्टी एकाच वेळी लागू होण्याची भीती इथे असते.

गोळी खरंच लागते का ते गावाकडच्या डॉक्टरांना विचारा. लागत असेल तर बरोबर आम्ल कमी करणारं औषध हवं. गुडघ्यावर लावायचं मलम रक्तात फार कमी शिरतं, ते तुलनेने बरं. प्रवास विम्याच्या पॉलिसीत आधीच्या आजारांबद्दल काय लिहिलंय तेही आत्ताच वाचून ठेवा.

२०. आता अंगदुखीला काय घ्यायचं? आणि तिखट बंद करायचं का?

पॅरासिटामॉल चालतं, दिवसाला ठरलेल्या मर्यादेत. दारू पिणाऱ्यांना आणि यकृताच्या रुग्णांना ती मर्यादा कमी. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन आणि त्यांची मिश्रणं बंद. गावाहून ट्रॅमाडॉल मागवू नका. यूएईमध्ये ते नियंत्रित औषध आहे आणि परवानगीशिवाय जवळ बाळगल्यास गुन्हा होतो. तिखटाने अल्सर होत नाही. जळजळ होत असेल तर काही दिवस कमी करा. बंद करायची ती सिगारेट.

२१. वडिलांना स्टेंट आहे, ॲस्पिरिन चालू आहे, आणि अल्सर फुटून ऑपरेशन झालं. ॲस्पिरिन कायमचं बंद?

परस्पर बंद करू नका. बंद केल्याने स्टेंट तुंबण्याचा धोका अल्सरच्या धोक्यापेक्षा मोठा असू शकतो, विशेषतः स्टेंट नवा असेल तर. सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून ते परत कधी सुरू करायचं ते ठरवतात. बरोबर आम्ल कमी करणारं औषध बहुधा कायम लागतं आणि जंतूचा इलाज (प्रश्न १६) सक्तीचा समजा.

२२. ऑपरेशननंतर पुन्हा एंडोस्कोपी करायला सांगितली आहे. सगळ्यांनाच लागते का?

भोक ड्युओडेनममध्ये होतं, रुग्ण तरुण आहे आणि त्रास उरलेला नाही, तर बहुधा लागत नाही. भोक जठरात होतं तर लागते, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी. जठराच्या काही छिद्रांमागे कर्करोग असतो आणि तातडीच्या शस्त्रक्रियेत तो नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून कडेचा तुकडा तपासायला पाठवतात. डिस्चार्जच्या कागदावर भोक नेमकं कुठे होतं ते लिहिलेलं आहे का पाहा. नसेल तर निघण्याआधी लिहून घ्या, आणि बायोप्सीचा अहवाल बाकी असेल तर तो कोणत्या ईमेलवर येणार तेही विचारा.